मज्जारज्जूची स्लाइड: पातळी आणि न्यूरॉन ओळखताना होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय

अडचण ठरलेली आहे. काल 'सर्व्हायकल' (मानेचा) म्हणून नोंदवलेला काप आज 'लम्बर' (कंबरेचा) वाटतो. व्हेंट्रल हॉर्नमधली, म्हणजे ग्रे मॅटरच्या पुढच्या शिंगातली, प्रत्येक मोठी पेशी मोटर न्यूरॉन म्हणून मोजली जाते. मल्टिपोलर (अनेक फांद्यांच्या) पेशीला एकच फांदी दिसली की ती युनिपोलर (एका फांदीची) ठरते. यातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: ४० एक्स ऑब्जेक्टिव्ह आधी लावले जाते आणि काप कुठला हे नंतर पाहिले जाते. मज्जारज्जूत पेशीचे नाव तिच्या रूपावरून जितके ठरते, त्याहून अधिक तिच्या जागेवरून ठरते. म्हणून खालचा क्रम मोडू नका: दिशा, रंग, पातळी, जागा आणि सगळ्यांत शेवटी पेशी.

संपूर्ण काप एकदाही पाहिलेला नसणे

माणसाचा मज्जारज्जू सर्व्हायकल फुगवट्यात आडवा साधारण १३ ते १४ मिलिमीटर असतो. ४ एक्स ऑब्जेक्टिव्ह आणि २० फील्ड नंबरचा आयपीस असेल, तर दिसणारे वर्तुळ फक्त ५ मिलिमीटरचे. म्हणजे सर्वांत कमी मोठेपणालाही कापाचा तुकडाच दिसतो, आणि तुकड्यावरून आकाराचा अंदाज हमखास फसतो. स्लाइड आधी पांढऱ्या उजेडासमोर नुसत्या डोळ्यांनी पाहा. आयपीस काढून उलटा धरला तर तो भिंगाचे काम उत्तम करतो आणि पूर्ण काप एका नजरेत येतो. बाहेरची कड, मधले फुलपाखरू (ग्रे मॅटर) आणि दोघांचे प्रमाण यांचे पेन्सिलने छोटे रेखाटन करून ठेवा. पुढचे निम्मे प्रश्न या रेखाटनावरच सुटतात.

डॉर्सल (मागचे) कुठले, व्हेंट्रल (पुढचे) कुठले, हेच कळत नाही

साध्या कंपाउंड मायक्रोस्कोपमध्ये प्रतिमा उलटी दिसते: वर-खाली आणि डावे-उजवे, दोन्ही. स्लाइडवर व्हेंट्रल बाजू तुमच्याकडे असेल तर आयपीसमध्ये ती पलीकडे जाते. त्यामुळे 'वरचे ते डॉर्सल' असे गृहीत धरणे धोक्याचे.

पक्की खूण म्हणजे अँटिरिअर मीडियन फिशर. ही खरी, उघडी, खोल फट असते. तिच्यात पाया मॅटरची (मज्जारज्जूला चिकटलेल्या पातळ आवरणाची, पुढे नुसते 'पाया') घडी आणि रक्तवाहिन्या दिसतात, आणि तिच्या तोंडाशी अँटिरिअर स्पायनल आर्टरी असते. मागच्या बाजूला फट नसते. तिथे उथळ खाच आणि तिच्यातून आत गेलेला ग्लिअल (आधार देणाऱ्या ग्लिआ पेशींचा) पडदा, म्हणजे पोस्टिरिअर मीडियन सेप्टम, एवढेच दिसते. दुसरी खूण हॉर्नच्या टोकांची. डॉर्सल हॉर्न निमुळते होत जवळजवळ पृष्ठभागापर्यंत पोचते. टोक आणि कड यांच्यामध्ये लिसाउअरच्या ट्रॅक्टची बारीक पट्टी उरते. व्हेंट्रल हॉर्न रुंद, बोथट असते आणि पृष्ठभागापासून बरेच आत थांबते.

कापताना पाया फाटला असेल तर मागच्या सेप्टमच्या जागी चीर पडते आणि तीच फिशर वाटते. चिरेत रक्तवाहिनी किंवा पायाचे अस्तर आहे का ते पाहा. कडा नागड्या, फाटलेल्या असतील तर ती चीर आहे.

डावी-उजवी बाजू मात्र स्लाइडवरून ठरत नाही, कारण काप उलटा चिकटवला गेलेला असू शकतो. ती हवी असेल तर टिश्यू ब्लॉकमध्ये घालण्याआधीच एका ठरावीक बाजूच्या व्हेंट्रल पांढऱ्या भागात बारीक सुईने भोक पाडून ठेवावे लागते.

ग्रे आणि व्हाइट उलटे वाचले जातात

ताज्या टिश्यूतली नावे रंगवलेल्या स्लाइडला लावल्याने हा घोटाळा होतो. वाइगर्टच्या पद्धतीत मायलिन काळेनिळे होते, म्हणून व्हाइट मॅटर गडद आणि ग्रे मॅटर फिकट. लक्सॉल फास्ट ब्लूमध्येही तसेच, फक्त रंग निळा. क्रेसिल व्हायोलेटमध्ये उलट: मायलिन रंगत नाही, न्यूरॉन जांभळे उठतात. एच अँड ई मध्ये दोन्ही भाग गुलाबीच असतात आणि फरक पोताचा असतो. अल्कोहोल आणि झायलीनमध्ये मायलिनची चरबी विरघळून जाते, म्हणून व्हाइट मॅटरमध्ये मोकळी गोल छिद्रे आणि प्रत्येकाच्या आत अॅक्सॉनचा गुलाबी ठिपका दिसतो. अशी छिद्रे जिथे दाटीने आहेत ते व्हाइट मॅटर. तिथे रोग शोधू नका.

डॉर्सल हॉर्नच्या टोकाकडची सबस्टान्शिया जिलॅटिनोसा मायलिनच्या रंगात ठळक फिकट चंद्रकोरीसारखी उठते, कारण तिथे मायलिन असलेले तंतू फार थोडे. निस्लच्या रंगात, म्हणजे क्रेसिल व्हायोलेटसारख्या पेशी रंगवणाऱ्या रंगात, तीच जागा बारीक पेशींनी गच्च भरलेली दिसते. दोन स्लाइड शेजारी ठेवून हा एकच पट्टा मिळवून पाहिला की रंगाची दिशा कायमची लक्षात राहते.

पातळी ओळखताना गोंधळ

सर्वाधिक चुका इथेच होतात, कारण एका खुणेवर भरवसा ठेवला जातो. 'व्हेंट्रल हॉर्न मोठे म्हणजे सर्व्हायकल' हे अर्धेच खरे आहे. हातांसाठीचा फुगवटा साधारण सी-५ ते टी-१ आणि पायांसाठीचा एल-२ ते एस-३ (सी, टी, एल, एस म्हणजे सर्व्हायकल, छातीचा थोरॅसिक, लम्बर आणि त्याखालचा सॅक्रल सेगमेंट), आणि दोन्हीकडे व्हेंट्रल हॉर्न मोठेच असते. म्हणून निदान तीन खुणा जुळल्याशिवाय पातळी लिहू नका.

पहिली खूण व्हाइट आणि ग्रे यांचे प्रमाण. वर चढणारे तंतू वरच्या दिशेने वाढत जातात आणि खाली उतरणारे वाटेत गळत जातात, त्यामुळे व्हाइट मॅटर सर्व्हायकलमध्ये सर्वांत जास्त आणि सॅक्रलमध्ये सर्वांत कमी. सॅक्रल कापात मोठे ग्रे आणि त्याभोवती पातळ पांढरी किनार असते. थोरॅसिकमध्ये ग्रे सर्वांत कमी, पण तुलनेने व्हाइट बरेच.

दुसरी खूण डॉर्सल कॉलमची. साधारण टी-६ च्या वर फॅसिक्युलस क्युनिएटस येतो, आणि मधल्या ग्रेसिलिसपासून त्याला वेगळे करणारा पोस्टिरिअर इंटरमीडिएट सेप्टम दिसू लागतो. सर्व्हायकल की लम्बर असा प्रश्न पडला की सगळ्यांत आधी हा सेप्टम शोधावा. दोन्ही बाजूंना मिळून मागे तीन पडदे, मधला एक आणि बाजूचे दोन, दिसले तर काप टी-६ च्या वरचा. मायलिनच्या रंगात हे सर्वांत स्पष्ट दिसते. नुसत्या क्रेसिल व्हायोलेटमध्ये सेप्टम सहज निसटतो.

तिसरी खूण कापाची बाह्यरेषा. सर्व्हायकल आडवा लंबगोल, थोरॅसिक लहान आणि गोलसर, लम्बर जवळजवळ पूर्ण गोल, सॅक्रल लहान. दाबामुळे आकार बदलतो, त्यामुळे ही खूण एकटी वापरू नये.

चौथी खूण मोटर न्यूरॉनचे गट. धडाच्या स्नायूंसाठीचा आतला गट सगळीकडे असतो. हातापायांसाठीचा बाहेरचा मोठा गट फक्त फुगवट्यांत असतो. थोरॅसिक व्हेंट्रल हॉर्न सडपातळ दिसते ते याचमुळे: तिथे बाहेरचा गट नाही.

पाचवी खूण लॅटरल हॉर्न, म्हणजे इंटरमीडिओलॅटरल कॉलम. तो टी-१ ते एल-२ किंवा एल-३ पर्यंत असतो. इथे एक बारकावा नेहमी सुटतो. या पेशी सलग ओळीत नसून झुबक्यांनी असतात आणि झुबक्यांमध्ये मोकळी जागा असते. आडवा काप मोकळ्या जागेतून गेला तर लॅटरल हॉर्न पोकळ किंवा पुसट वाटते, आणि मग 'हा थोरॅसिक नव्हे' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सलग चार-पाच काप पाहिल्याशिवाय तो नाही असे म्हणू नका.

सहावी खूण क्लार्कचा कॉलम. डॉर्सल हॉर्नच्या बुडाशी आतल्या अंगाला, ग्रे कमिशरच्या (दोन बाजूंचे ग्रे मॅटर जोडणाऱ्या पट्ट्याच्या) जवळ, मोठ्या गोलसर पेशींचा गोल घोस. तो साधारण टी-१ ते एल-२ दरम्यान असतो आणि खालच्या थोरॅसिक व वरच्या लम्बर भागात सर्वांत भरदार.

या खुणा जोड्यांनी वापरल्या की अवघड जागाही सुटतात. टी-१ आणि एल-१/एल-२ यांचाच गोंधळ घ्या. दोन्हीकडे लॅटरल हॉर्न आहे आणि दोन्ही फुगवट्याच्या कडेला आहेत. टी-१ मध्ये क्युनिएटसचा सेप्टम दिसेल आणि क्लार्कचा कॉलम नगण्य असेल. एल-१ मध्ये सेप्टम नसेल आणि क्लार्कचा घोस डोळ्यांत भरेल. खालचा लम्बर आणि सॅक्रल यांत गोंधळ असेल तर पांढऱ्या किनारीची जाडी आणि ग्रे कमिशर पाहा: सॅक्रलमध्ये किनार पातळ, कमिशर जाड, दोन्ही हॉर्न आखूड व बोजड. एस-२ च्या आसपास व्हेंट्रल हॉर्नमध्ये लहान, दाट बसलेल्या मोटर न्यूरॉनचा ओनुफचा गट मिळाला तर शंका उरत नाही. हा गट एएलएस (मोटर न्यूरॉन मरत जाण्याचा रोग) मध्ये इतर मोटर न्यूरॉनच्या मानाने बराच शाबूत राहतो, म्हणून त्या रुग्णांच्या टिश्यूत तो आणखी उठून दिसतो.

अगदी वरच्या सर्व्हायकल कापात, सी-१ व सी-२ मध्ये, डॉर्सल हॉर्नचे टोक फुगलेले दिसते, कारण ते स्पायनल ट्रायजेमिनल न्यूक्लियसशी सलग असते. मध्यभागी तिरपे ओलांडणारे तंतू दिसले तर तुम्ही पिरॅमिडल डेकसेशनपर्यंत, म्हणजे मेडुलाच्या बुडाशी पोचला आहात.

लेबल एक सांगते, काप दुसरेच दाखवतो

ब्लॉकवर 'एल-१' लिहिले आहे आणि काप उघडच सॅक्रल आहे. इथे बहुधा कोणीही चुकलेले नसते. एकाने मणक्याचा क्रमांक लिहिला आणि दुसऱ्याने तो सेगमेंटचा समजला. प्रौढ माणसात मज्जारज्जू एल-१ ते एल-२ मणक्यापाशी संपतो, त्यामुळे खाली जाऊ तसे सेगमेंट आणि मणका यांतले अंतर वाढते. वरच्या सर्व्हायकलमध्ये दोन्ही जवळपास जुळतात, वरच्या थोरॅसिकमध्ये सुमारे दोन मणक्यांचा फरक पडतो, लम्बर सेगमेंट साधारण टी-१० ते टी-१२ मणक्यांसमोर येतात आणि सॅक्रल सेगमेंट टी-१२ ते एल-१ समोर. लेबलवर 'मणका' की 'सेगमेंट' हा शब्द लिहायलाच हवा. नमुना काढताना नर्व्ह रूट मोजून सेगमेंट ठरवला असेल तर तोच ग्राह्य धरावा.

प्राणी कोणता हेही लेबलवर हवे. माणसात ३१ सेगमेंट: ८ सर्व्हायकल, १२ थोरॅसिक, ५ लम्बर, ५ सॅक्रल, १ कॉक्सिजिअल. उंदीर-घुशीत (माउस-रॅटमध्ये) थोरॅसिक १३, लम्बर ६, सॅक्रल ४. कुत्र्यात थोरॅसिक १३, लम्बर ७, सॅक्रल ३. मोठी पंचाईत कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्टची (मेंदूकडून हालचालीचे संदेश आणणाऱ्या तंतूंच्या जुडीची) होते. माणसात त्याचा मुख्य भाग लॅटरल कॉलममध्ये असतो. घुशीत आणि उंदरात तो डॉर्सल कॉलमच्या तळाशी, ग्रे कमिशरला चिकटून असतो. माणसाचा नकाशा समोर ठेवून घुशीची स्लाइड वाचली की नेमका हाच ट्रॅक्ट 'हरवतो'.

दोन बाजू सारख्या दिसत नाहीत

काप तिरपा गेला असेल तर एक हॉर्न एका पातळीचे आणि दुसरे त्याच्या वरच्या-खालच्या पातळीचे दिसते. अशा वेळी व्हाइट मॅटरमधली छिद्रे तपासा: आडव्या कापात ती गोल, तिरप्या कापात लांबट. एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला लांबट असतील तर ब्लॉक सरळ करून पुन्हा कापण्याला पर्याय नाही.

ग्रे मॅटरचा लोंढा व्हाइट मॅटरमध्ये घुसलेला दिसला, किंवा डॉर्सल कॉलममध्ये जास्तीचे ग्रे मॅटर आढळले, तर जन्मजात दोष लिहिण्याआधी दाब आठवा. मऊ मज्जारज्जू कण्यातून काढताना चिमटला की आतला भाग पुढे ढकलला जातो. याला टूथपेस्ट आर्टिफॅक्ट म्हणतात. ढकललेल्या भागाभोवती पेशींची प्रतिक्रिया नसते, तंतू अचानक वळलेले असतात आणि शेजारच्या काही कापांत रचना पुन्हा सरळ होते. काढताना चिमट्याने मज्जारज्जू न धरता ड्यूरा (बाहेरचे जाड आवरण) धरावा, आणि फिक्सेशनसाठी ड्यूरा लांबीने उघडून ठेवावा.

न्यूरॉन समजून भलतेच मोजले जाते

आता ४० एक्स लावायला हरकत नाही. न्यूरॉनची ओळख तीन गोष्टींनी पटते: मोठे, फिकट, गोल न्यूक्लियस, त्यात ठळक न्यूक्लिओलस, आणि सायटोप्लाझममध्ये निस्लची ढेकळे (रंग घेणारे रायबोसोमचे पुंजके). ग्लिआमध्ये हे तिन्ही एकत्र मिळत नाहीत. ऑलिगोडेंड्रोसाइटचे न्यूक्लियस लहान, गोल, गडद असते. अॅस्ट्रोसाइटचे थोडे मोठे, फिकट, अंडाकार. मायक्रोग्लिआचे बारीक, काडीसारखे लांबट. तिघांच्याही सायटोप्लाझमचा साध्या रंगात पत्ताच लागत नाही.

फसवणाऱ्या दोन गोष्टी वारंवार भेटतात. पहिली कॉर्पोरा अॅमिलेसिया: वयस्क माणसाच्या टिश्यूत, विशेषतः पायाच्या लगत आणि डॉर्सल कॉलममध्ये, निळसर गोल कण. न्यूक्लियस नाही, निस्ल नाही, कधी आत वर्तुळे दिसतात, पीएएस ला पॉझिटिव्ह. दुसरी म्हणजे मधला कॅनाल. प्रौढ माणसात तो बऱ्याचदा बंद झालेला असतो आणि त्या जागी एपेंडायमल पेशींचा नुसता पुंजका उरतो. मध्यरेषेवर, दोन्ही कमिशरच्या मध्ये, दाट गडद न्यूक्लियसांचा पुंजका दिसला तर न्यूरॉनचा नवा गट सापडला असे समजू नका.

मल्टिपोलर पेशी मल्टिपोलर दिसत नाही

हे पेशीचे नव्हे, कापाच्या जाडीचे दुखणे आहे. ५० मायक्रॉनचा मोटर न्यूरॉन ५ मायक्रॉनच्या कापांत दहाएक तुकड्यांत विभागला जातो. त्याचे न्यूक्लियस साधारण १८ मायक्रॉनचे धरले तर ते चार-पाच कापांत दिसेल, आणि न्यूक्लिओलस एखाद-दोन कापांत. डेंड्राइट सगळ्या दिशांना जातात, म्हणून एका कापात एक-दोनच फांद्या सापडतात. 'न्यूक्लियस नसलेला न्यूरॉन', 'एकाच फांदीचा न्यूरॉन' या नोंदी इथूनच येतात.

मज्जारज्जूच्या ग्रे मॅटरमधले मोटर न्यूरॉन आणि इंटरन्यूरॉन मल्टिपोलर असतात, मग कापात काहीही दिसो. फांद्याच पाहायच्या असतील तर फाइन ॲडजस्टमेंट हलवत १५ ते २० मायक्रॉनचा निस्लचा काप पाहा. पूर्ण फांद्यांसाठी गोल्जीची पद्धत लागते. ती १८७३ पासूनची आहे आणि आजही तिला तोड नाही. तिच्यासाठी काप १०० मायक्रॉनच्या आसपास जाड हवेत. ती मोजक्याच पेशी रंगवते, म्हणून गोल्जीच्या स्लाइडवर पेशींची संख्या कधीही मोजू नका.

अॅक्सॉन ओळखायचा तर अॅक्सॉन हिलॉक शोधा. पेशीच्या अंगातून निघणाऱ्या त्या त्रिकोणी भागात निस्ल नसते. डेंड्राइटच्या बुडात निस्लची ढेकळे आत शिरलेली असतात. निस्लच्या रंगात फांदीचे बूड जांभळे असेल तर ती डेंड्राइट.

प्रत्येक मोठी पेशी मोटर न्यूरॉन नसते

व्हेंट्रल हॉर्नमध्ये, रेक्सेडच्या नवव्या लॅमिनात, मोठी, टोकदार कोपऱ्यांची, ढेकळेदार निस्लची पेशी म्हणजे अल्फा मोटर न्यूरॉन असण्याची शक्यता दाट. आकार साधारण ३० ते ७० मायक्रॉन. गॅमा मोटर न्यूरॉन त्याच गटांत मिसळलेले पण लहान असतात, आणि दोघांच्या आकारांची सीमा एकमेकांत शिरते. म्हणून नुसत्या क्रेसिल व्हायोलेटवर एखाद्या पेशीला ठामपणे 'गॅमा' म्हणणे आम्हाला पटत नाही. इम्युनो (अँटिबॉडीने प्रथिन रंगवणे) करता येत असेल तर चॅट या प्रथिनाची अँटिबॉडी दोघांनाही रंगवते. न्यूएन या दुसऱ्या प्रथिनाची अँटिबॉडी उंदरात अल्फाला ठळक आणि गॅमाला फिके किंवा अजिबात नाही. चॅट लॅटरल हॉर्नच्या प्रीगँग्लिऑनिक पेशींनाही रंगवते, तेव्हा जागा इथेही पाहावीच लागते. रेनशॉ पेशींसाठी (मोटर न्यूरॉनना आवरणारे इंटरन्यूरॉन) कॅलबिंडिन वापरतात, पण ते डॉर्सल हॉर्नच्या वरच्या थरांतही भरपूर असते. व्हेंट्रल हॉर्नमध्ये, सातव्या लॅमिनाच्या पुढच्या भागात मिळालेली कॅलबिंडिन पॉझिटिव्ह लहान पेशी एवढीच रेनशॉ म्हणता येते.

रेक्सेडने दहा लॅमिना १९५२ मध्ये मांजराच्या मज्जारज्जूवरून मांडले. सीमारेषा पेशींच्या आकार-दाटीवर आहेत, त्यामुळे त्या निस्लच्या जाड कापातच वाचता येतात. ५ मायक्रॉनच्या एच अँड ई वर लॅमिनांच्या रेघा ओढणे व्यर्थ आहे.

सगळ्यांत महागात पडणारी चूक क्लार्कच्या कॉलमची. तिथल्या पेशी गोलसर, न्यूक्लियस कडेला सरकलेले आणि निस्ल परिघाकडे ढकललेले असे नेहमीच दिसतात. अॅक्सॉन तुटल्यावर मोटर न्यूरॉनमध्ये होणारे क्रोमॅटोलायसिस नेमके असेच दिसते. त्यामुळे निरोगी क्लार्क पेशीला इजा झालेली पेशी म्हणून नोंदवले जाते. जागा डॉर्सल हॉर्नच्या आतल्या बुडाशी असेल आणि घोसातल्या सगळ्याच पेशी अशा असतील तर ते सामान्य रूप. व्हेंट्रल हॉर्नमध्ये, शेजारच्या चांगल्या पेशींमध्ये एखादीच फुगलेली, फिकट, कडेला न्यूक्लियस असलेली पेशी असेल तरच क्रोमॅटोलायसिसचा विचार करा.

तसेच काळपट, आक्रसलेले, पीळ पडलेल्या फांद्यांचे 'डार्क न्यूरॉन'. फिक्स होण्याआधी टिश्यू हाताळल्याने, दाबल्याने ते होतात. इस्केमियाने मेलेला न्यूरॉनही आक्रसतो, पण एच अँड ई मध्ये त्याचे सायटोप्लाझम लालसर होते. डार्क न्यूरॉनचे निळसर-जांभळे. परफ्यूजन केलेल्या प्राण्यात मज्जारज्जू लगेच न काढता काही तास कण्यातच फिक्स होऊ दिल्यास हा दोष खूप घटतो.

गँगलियनची स्लाइड मध्येच आली तर

रूटसोबत गँगलियनचा तुकडा कापात आला की तिथल्या पेशी मोटर न्यूरॉन ठरवल्या जातात. डॉर्सल रूट गँगलियनच्या पेशी गोल, न्यूक्लियस मध्यभागी, भोवती सॅटेलाइट पेशींची जवळजवळ पूर्ण कड, आणि पेशींचे गट तंतूंच्या जुड्यांनी वेगळे झालेले. सिंपथेटिक गँगलियनच्या पेशी मल्टिपोलर, बऱ्याचदा न्यूक्लियस कडेला, सॅटेलाइट कड तुटक, आणि पेशी तंतूंमध्ये विखुरलेल्या.

निस्ल फिके आले किंवा सगळेच जांभळे झाले

फिक्या निस्लचे एक कारण फार उशिरा लक्षात येते: डीकॅल्सिफिकेशन. लहान प्राण्याचा मज्जारज्जू कण्यासकट नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिडात ठेवला की आरएनए तुटतो, आणि निस्ल म्हणजे रायबोसोमचा आरएनएच. मग रंग कितीही वेळ लावा, उठत नाही. न्यूट्रल पीएच चे १० ते १४ टक्के ईडीटीए वापरा. घुशीच्या कण्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात, घाई करू नये. दुसरे कारण फिक्सेशनला उशीर. फॉर्मलिन १० टक्के, न्यूट्रल बफर्ड, टिश्यूच्या दहा ते वीस पट, आणि तुकडे आडवे ५ मिलिमीटरचे.

पातळी आणि पेशी दोन्ही एकाच स्लाइडवर हव्या असतील तर लक्सॉल फास्ट ब्लू आणि क्रेसिल व्हायोलेट एकत्र, म्हणजे क्लूव्हर-बारेरा, हीच पद्धत आम्ही सुचवू. काप १० ते १५ मायक्रॉनचे.

१. काप डीवॅक्स करून ९५ टक्के अल्कोहोलपर्यंत आणा.

२. लक्सॉल फास्ट ब्लू ०.१ टक्का, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. दर १०० मिलिलिटरला १० टक्के ॲसेटिक ॲसिड ०.५ मिलिलिटर. ५६ ते ६० अंश सेल्सिअसला रात्रभर. झाकण घट्ट हवे. अल्कोहोल उडाले की काप ठिपकेदार होतो.

३. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जादा रंग काढा, मग पाण्यात धुवा.

४. ०.०५ टक्के लिथिअम कार्बोनेटमध्ये १० ते २० सेकंद, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ग्रे मॅटर स्वच्छ होईपर्यंत. पुरेसे झाले नसेल तर हीच जोडी पुन्हा. प्रत्येक फेरीनंतर मायक्रोस्कोपखाली पाहा. इथे वेळ वाचवायला गेलात तर व्हाइट मॅटरही धुऊन जाईल.

५. क्रेसिल व्हायोलेट ०.१ टक्का, वापरण्याआधी दर १०० मिलिलिटरला ०.३ मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घालून गाळलेले. ६ ते १० मिनिटे.

६. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये डिफरन्शिएट करा. मोटर न्यूरॉनची ढेकळे सुटी दिसू लागली आणि त्यांच्यामधली जागा मोकळी झाली की थांबा. पुढे ॲब्सोल्यूट अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स.

सगळे जांभळे झाले असेल तर सहाव्या पायरीचा वेळ अपुरा, किंवा रंगात ॲसिड कमी. रंगाच्या काड्या पडल्या असतील तर द्रावण न गाळता वापरले आहे.

फ्लुओरेसन्समध्ये मोठ्या मोटर न्यूरॉनमधले सोनेरी लिपोफसिन जवळजवळ प्रत्येक चॅनलमध्ये चमकते, आणि पॉझिटिव्ह म्हणून मोजले जाते. अँटिबॉडी न लावलेला काप त्याच एक्सपोजरला पाहा. चमक तिथेही असेल तर ७० टक्के अल्कोहोलमधल्या ०.१ ते ०.३ टक्के सुदान ब्लॅक बी ने ती दाबता येते.

मोजणीचे आकडे जुळत नाहीत

एकच पेशी शेजारच्या दोन कापांत मोजली जाते, हे त्याचे नेहमीचे कारण. न्यूक्लियस दिसते तेवढ्याच पेशी मोजल्या तरी आकडा फुगतो. ॲबरक्रॉम्बीने १९४६ मध्ये दिलेली दुरुस्ती साधी आहे: कापाची जाडी भागिले (जाडी अधिक न्यूक्लियसची सरासरी उंची), आणि या गुणकाने मोजलेला आकडा गुणायचा. १० मायक्रॉनचा काप आणि १८ मायक्रॉनचे न्यूक्लियस असेल तर गुणक १० भागिले २८, म्हणजे सुमारे ०.३६, मोजलेल्या २८ पेशी प्रत्यक्षात १० च. न्यूक्लियसऐवजी ४ मायक्रॉनचा न्यूक्लिओलस मोजला तर गुणक १० भागिले १४, सुमारे ०.७१, म्हणजे दुरुस्ती लहान आणि तिच्यातली चूकही लहान. म्हणून न्यूक्लिओलस मोजणे चांगले; अट एवढीच, की पेशीत एकच ठळक न्यूक्लिओलस असावा, आणि मोटर न्यूरॉनमध्ये तो बहुधा असतो. जाडी मायक्रोटोमच्या डायलवरून घेऊ नका. डीपीएक्समध्ये बसलेल्या कापाची वरची आणि खालची पातळी १०० एक्स ऑइलवर फोकस करून फाइन ॲडजस्टमेंटवरची खूण वाचा, कारण टिश्यू वाळताना काप पातळ होतो आणि सूत्रात हीच प्रत्यक्षातली जाडी बसते. मोजलेली जाडी, मोजलेली खूण (न्यूक्लियस की न्यूक्लिओलस) आणि सेगमेंट या तीन गोष्टी आकड्याशेजारी लिहिल्या नसतील तर दोन जणांचे आकडे ताडून पाहता येत नाहीत.